घोरणारे मूल : गाढ झोप की श्वासाचा अवरोध?

बालरुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना आपण क्षुधा, मल, मूत्र, ज्वर यांविषयी बारकाईने विचारतो. निद्रेविषयी मात्र ‘झोप लागते ना?’ एवढ्यावरच थांबतो. ‘अगदी घोरत झोपतो,’ असे आई समाधानाने सांगते आणि आपणही पुढे वळतो. आमच्या मते निदान निसटते ते येथेच.

सर्दीत चार दिवस घोरणे निराळे. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणारे मूल तपासलेच पाहिजे. निद्राकालीन श्वासावरोध सुमारे १ ते ५ टक्के बालकांत आढळतो. २ ते ८ या वयात त्याचे प्रमाण अधिक असते. या वयात टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड श्वासमार्गाच्या मानाने मोठे असतात. झोपेत घशाचे स्नायू शिथिल होताच मार्ग आणखी अरुंद होतो. छाती-पोट धडपडतात, पण वायू आत शिरत नाही. मूल दचकून श्वास घेते आणि झोप खंडित होते. अशी मुले दिवसा पेंगतातच असे नाही. उलट चंचल, चिडखोर होतात, अभ्यासात मागे पडतात. काहींची वाढ खुंटते.

सुश्रुताचार्यांनी तुण्डिकेरी तालुगत, तर गिलायु कंठगत रोगांत वर्णिला असून गिलायु शस्त्रसाध्य म्हटला आहे. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय तर न बोलणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या चेष्टांवरून ओळखण्यास शिकवतो. हीच दृष्टी येथे उपयोगी पडते.

आंजी (मोठी) सारख्या गावात निद्रापरीक्षणाची प्रयोगशाळा नसते. परंतु शेजारी निजणारी आई असते. तिला पुढील गोष्टी पाहण्यास सांगावे : श्वास मध्येच थांबतो का? नंतर हुंदक्यासारखा आवाज येतो का? मूल तोंड उघडे ठेवून, मान मागे टाकून निजते का? अतिस्वेद, पुन्हा सुरू झालेले शय्यामूत्र, सकाळची डोकेदुखी आहे का? मोबाईलवर छाती-पोट उघडे ठेवून घेतलेले दोन मिनिटांचे चित्रण पुष्कळ सांगून जाते.

मात्र केवळ टॉन्सिलच्या आकारावरून निर्णय करू नये. अ‍ॅडिनॉइड तर तोंडातून दिसतही नाहीत. निश्चित निदान रात्रभराच्या पॉलिसोम्नोग्राफीने होते. प्रौढांत तासाला ५ पर्यंत श्वासरोध स्वाभाविक मानतात. बालकांत एकाहून अधिकही विकृत ठरतो. रात्रभर ऑक्सिजन मोजणे उपयुक्त असले, तरी ते प्राकृत आले म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्या बालकांत रात्री ऑक्सिजन घटणे अधिक घातक, म्हणून त्यांना हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. संशयित बालकास झोप आणणारी खोकल्याची औषधे देऊ नयेत. श्वास थांबत असल्यास कफघ्न चिकित्सेत महिने न दवडता नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. १९६९ साली स्थापन झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. ओठ निळे पडत असल्यास त्याच दिवशी पाठवावे.

केसपेपरावर ‘निद्रा’ या शब्दापुढे ‘घोरतो का?’ एवढे दोन शब्द आपण सर्वांनी जोडावेत, अशी आमची विनंती आहे.