उपकरणाचे नाव आणि त्याची ओळख

लिनक्स प्रणालीत संगणकाला जोडलेली बहुतेक उपकरणे ‘डेव्ह’ या निर्देशिकेत फाईलच्या रूपाने दिसतात. या फाईलमध्ये मजकूर नसतो. ती उपकरणाकडे जाण्याचे दार असते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हे दार दोन क्रमांकांनी ओळखतो: मुख्य क्रमांक चालक सांगतो, गौण क्रमांक नेमके उपकरण. नाव आपल्या सोयीचे.

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रासायनिक कारखान्यात एकाच संगणकाला यूएसबीने दोन वजनकाटे जोडले आहेत, असे समजा. ‘टीटीवाययूएसबी०’ आणि ‘टीटीवाययूएसबी१’ ही नावे त्यांना सापडण्याच्या क्रमाने मिळतात. वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला की क्रम उलटू शकतो आणि एका काट्याचे वजन दुसऱ्याच्या नोंदीत जाते. पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. मिश्रण मात्र बिघडते.

येथे ‘यूडेव्ह’ उपयोगी पडते. त्याच्या नियमांत अनुक्रमांक नोंदवून आपण प्रत्येक काट्याला कायमचे जोडनाव देऊ शकता. स्वस्त जोडतारांना पुष्कळदा अनुक्रमांकच नसतो. अशा वेळी तार संगणकाच्या कोणत्या खाचेत आहे, यावरून नियम लिहावा आणि त्या खाचेवर चिठ्ठी चिकटवावी.