पोकळ नळीचा भरीव धडा

घोडेगावहून सोनईला येणाऱ्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. मुळा साखर कारखान्याच्या या गावात शेतीसामानाच्या दुकानांपुढे करड्या पीव्हीसी पाइपांचे भारे रचलेले दिसतात. शेजारी ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी, मल्चिंग कागदाचे रोल, शेततळ्याचे अस्तर असते. धातूच्या नळ्यांचा व्यापार मागे पडून दुकानात प्लास्टिक कधी भरले, हे पेढीवरच्या जुन्या माणसालाही नेमके सांगता येणार नाही.

हा माल बहुतेक बाहेरून येतो. आपण तो विकतो, उधारी सांभाळतो, थोडे कमिशन मिळवतो. घरातला शिकलेला मुलगा मात्र एवढ्या नफ्यात रमत नाही आणि पुण्याची वाट धरतो. प्लास्टिक व प्रगत पदार्थांचे कारखाने आपल्याकडे यावेत म्हणून राज्याराज्यांत चढाओढ चालू असताना आपणही एक प्रश्न विचारायला हवा. कारखाना नेमका कशाच्या ओढीने एखाद्या गावी येतो?

सामान्य उत्तर असते, सवलतीच्या. महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्यापुरते न राहता मागास भागांत जावेत, हा तिचा हेतू. भूखंड, वीजशुल्कात माफी, कराचा परतावा, मुद्रांक शुल्कात सूट ही साधने त्यातूनच आली. त्यांचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. पण दोन ठिकाणी सवलत सारखीच असताना एक वसाहत गजबजते आणि दुसरीत भूखंड ओस पडतात. याचे उत्तर सवलतीत सापडत नाही. ते मालाच्या स्वभावात आहे.

पाइप पोकळ असतो. त्याचा कच्चा माल, म्हणजे पीव्हीसीची पावडर, २५ किलोच्या गोण्यांत येतो आणि वजनाने ट्रक भरतो. तयार पाइप मात्र जागेने ट्रक भरतो. लहान नळी मोठ्या नळीत सरकवली तरी भाडे बऱ्याच अंशी हवेचेच पडते. पाण्याच्या टाकीचेही तसेच. म्हणून असा कारखाना गिऱ्हाइकाच्या जवळ येऊ पाहतो. कार्बन तंतू, विशेष बहुलके असे प्रगत पदार्थ याच्या उलट. ते वजनाला हलके आणि किमतीला भारी, त्यामुळे भाड्याचा बोजा नगण्य. त्यांना हवी असते प्रयोगशाळा, साचे घडविणारा कारागीर आणि चोवीस तास अखंड वीज. थोडक्यात, पोकळ माल शेताजवळ येतो आणि प्रगत माल जाणत्या माणसांजवळ.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण आपल्याच समाजात आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलालजी जैन यांनी १९६३ साली कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे खते, बियाणे, शेतीसामान यांच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन बनवायला आरंभ केला. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले, तेही वर्षाला अवघ्या ३०० टन क्षमतेने. ठिबक सिंचन त्यानंतर आले. जळगावला ना बंदर, ना तेलशुद्धीकरण प्रकल्प. होता तो केळीचा शेतकरी आणि त्याची गरज ओळखणारा व्यापारी. गिऱ्हाईक आधी बांधले गेले, यंत्र नंतर बसले. आज जळगाव पाइपांसाठी आणि प्लास्टिकच्या चटयांसाठी ओळखले जाते.

याच कथेचा उत्तरार्धही विसरू नये. भवरलालजींच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१९ च्या सुमारास, कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली. सरकारी कामांची व अनुदानांची येणी अडकून पडणे हे त्यामागचे एक कारण होते. अनुदानावर चालणाऱ्या धंद्यात विक्री होते, पण वसुली लांबते. हे आपल्या पेढीला वेगळे सांगायला नको.

आता दुसरा प्रकार. उसापासून प्लास्टिक होते, मग सोनईच्या उसापासून का नको? हिशेब मांडून पाहू. एक टन इथिलीन मिळविण्यास सुमारे पावणेदोन टन, म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या आसपास इथेनॉल लागते. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी दिलेला दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे. म्हणजे केवळ इथेनॉलचाच खर्च किलोमागे १४५ रुपयांवर जातो, आणि तेला-वायूपासूनचे तयार पॉलिथिन एरवी याहून बरेच स्वस्त पडते. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून मोठ्या प्रमाणावर उसाचे पॉलिथिन बनवते. पण जादा दर देणारे गिऱ्हाईक तिने जगभर शोधले आहे.

दुसरी वाट पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे साखर आंबवून थेट नवे बहुलक करण्याची आहे. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये जैवप्लास्टिकसाठी स्वतंत्र धोरण आखले. बलरामपूर चिनी मिल्स तेथे लखीमपूर खिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे ८०,००० टनांचा प्रकल्प उभारत आहे. आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्येच जेजुरी येथे याचे प्रात्यक्षिक केंद्र उघडले. त्याची क्षमता वर्षाला ५५ टन. ऊस महाराष्ट्राकडेही आहे आणि तंत्रही. उणीव आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या उद्योजकाची आणि ठाम खरेदीदाराची.

माणसे घडविण्याची सोयही दूर नाही. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारची प्लास्टिक अभियांत्रिकी संस्था सिपेट आहे आणि साचेनिर्मिती शिकविणारे इंडो-जर्मन टूल रूमही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून काम करीत आहे. वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या आपल्या मुलांपैकी एखाद्याने तरी ही वाट चोखाळावी.

एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. मल्चिंगच्या चिंध्या बांधावर पडतात, पिशव्या गाईच्या पोटात जातात. पांजरपोळास देणगी देणाऱ्या हातांनीच त्या विकलेल्या असतात. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आणली, तेव्हा ज्यांचा धंदा पिशव्यांवर होता ते अडचणीत आले, पाइपवाले तरले. वर्षानुवर्षे टिकणारी नळी आणि क्षणात फेकली जाणारी पिशवी यांतील भेद हा विवेकाचा आहे, तसाच नफ्याचाही. जैवप्लास्टिकनेही हा प्रश्न आपोआप सुटत नाही. पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लास्टिक उकिरड्यावर सहज विरत नाही. त्यास सुमारे ६० अंश उष्णतेची खास सोय लागते. जुन्या ठिबक नळ्या मात्र वितळवून पुन्हा वापरता येतात, आणि त्या नेवासे तालुक्याच्या शेताशेतांत पडून आहेत.

म्हणून सोनईच्या पेढीने मोठ्या घोषणांची वाट पाहण्यापूर्वी तीन आकडे वहीत मांडावेत. आपण वर्षात किती पाइप व नळ्या विकतो, त्यांवर किती भाडे मोजतो, आणि किती जुन्या नळ्या परत गोळा करू शकतो? पाच-दहा दुकानांनी हे आकडे एकत्र आणले, तर कारखानदाराला देण्याजोगे खरे आमंत्रणपत्र तयार होईल. कदाचित ते वाचून पुण्याला निघालेला आपलाच मुलगा थांबेल.