दीडशे शब्दांत

सकाळी ७.१०. कऱ्हाड स्टँड. पिशवीत दोन फायली, साताऱ्याची निळी आणि सांगलीची लाल. दोन्ही जिल्हे आजच उरकायचेत. सोबतचा शेतकरी ऊसतोड सोडून आलाय, साताऱ्याच्या कामात त्याचा दुसरा दिवस मोडायला नको. माहिती अधिकाराचा अर्ज त्याचा, अक्षर माझं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा हाच उद्योग.

९.४५. सातारा. कार्यालय उघडलंय, स्टॅम्पवाला आलेला नाही. नव्या अर्जाला दहाचा कोर्ट फी स्टॅम्प हवा, अपिलाला वीसचा. किंमत कुणालाच जड नाही, पण तो मिळेपर्यंतची वाट जड जाते.

११.००. पहिल्या अपिलाची सुनावणी. वाडीच्या पाणंद रस्त्याची एम.बी. मागितली होती, म्हणजे किती खडी पडली त्याची मोजमाप-वही. कायद्याची मुदत ३० दिवस. उत्तर निघालं एकोणतिसाव्या दिवशी: ‘माहिती व्यापक स्वरूपाची असल्याने समक्ष येऊन अभिलेख पाहावेत.’ नकार असा कुणी देत नाही. नकाराला कलम दाखवावं लागतं, कारण लिहावं लागतं. असल्या पत्राला काहीच लागत नाही.

साहेब मीटिंगला गेलेत. “बसा की गुरुजी,” लिपिक म्हणतो. आणि शेतकऱ्याकडं बघून, सहज, “कुठल्या वाडीचं म्हणायचं आपण? रस्ता तर झालाय, मग वही कशाला हवी?” कलम ६(२) प्रमाणे कारण विचारता येत नाही. मी तसं सांगतो. पण प्रश्न लागायचा तिथं लागलाय. बाहेर व्हरांड्यात शेतकरी हळूच विचारतो, “गुरुजी, तोडीची चिठ्ठी मागं पडायची नाही ना?” म्हणजे कारखान्याकडून ऊस तोडायची पाळी. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनीचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. आमच्याकडं भीती एवढी मोठी नसते. ती चिठ्ठीएवढी असते, आणि तेवढी पुरते.

१२.२०. सुनावणी चार मिनिटांत आटोपली. अपील ऐकणारे साहेब माहिती अधिकाऱ्याचेच वरिष्ठ, दोघांच्या मधे एक भिंत. ‘पंधरा दिवसांत माहिती द्यावी,’ असा आदेश झाला. नाही दिली तर? दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करायचा अधिकार फक्त राज्य माहिती आयोगाला. सातारा-सांगलीची दुसरी अपिलं त्याच्या पुणे खंडपीठापुढं जातात, आणि ती किती दिवसांत निकाली काढायची याची मुदत कायद्यात नाही. हे गणित प्रत्येक टेबलाला पाठ आहे.

शेतकरी कऱ्हाडात उतरतो, मी पुढच्या गाडीत. इस्लामपूर मागं पडेपर्यंत डुलकी.

३.४०. सांगली. लाल फाइल माझ्या मेहुण्याची. त्यानं विकास सोसायटीकडं सभेचं इतिवृत्त मागितलं, तर ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ असं उत्तर आलं. ते अगदीच खोटं नाही. ७ ऑक्टोबर २०१३ रोजी केरळच्या तलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, सरकारचा भरीव पैसा किंवा नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. मात्र सहकारी संस्थांच्या निबंधकाला कायद्यानं जी माहिती मागवता येते, ती त्याच्याकडून मिळू शकते. निकालातली ही खिडकी फार कमी सभासदांना ठाऊक असते. सहकारानं उभ्या राहिलेल्या जिल्ह्यात, हे विशेष.

“हे आमच्याकडं येत नाही, तालुक्याला द्या,” निबंधकाच्या कार्यालयात टेबलावरच्या बाई म्हणतात. कलम ६(३): योग्य कार्यालयाकडं अर्ज पाच दिवसांत तुम्हीच पाठवायचा. पाऊण तास गेल्यावर पोचेचा शिक्का मिळतो. तारीख पुसट उठलीय. मी पुन्हा मारायला लावतो. पुढं सगळं त्या तारखेवर मोजायचं असतं.

रात्री ९.३०. घर. शेजारच्या ताईंचा अर्ज, एका अनुदानाच्या लाभार्थी यादीसाठी. नावं आली की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून परत येणार. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं कलम ८(१)(जे) मधली जनहिताची अट काढून टाकली; आता ८(२) चा आधार घेऊन जनहित आपणच मांडायचं. त्याला शब्द लागतात. आणि महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमानं अर्जाला विषय एक आणि शब्द सामान्यतः दीडशे.

मोजले. एकशे अठ्ठावन्न. ‘कृपया’ काढला. ‘विनंती’ काढली. ‘आपला नम्र’ गेलं. अजून चार जास्त आहेत.