भाडं गोठलं, तुळया कुजल्या

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला. त्याला पंचवीस वर्षं पुरी झाली तेव्हा कुठे एक परिसंवाद झाल्याचं कानावर आलं नाही, की कुणा आमदाराला त्याची आठवण झाली नाही. मुंबईतल्या लाखो बिऱ्हाडांचं छप्पर ज्या कायद्यावर उभं आहे, त्याच्याबद्दल इतकी शांतता मला खटकली. आणि खटकायला कारणही घरातलंच आहे. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी केली, विकासकानं काही मजले चढवून काम थांबवलं आणि पर्यायी घरासाठी दरमहा द्यायचं ठरलेलं भाडंही बंद केलं. त्यामुळे जन्मभर पागडीच्या, म्हणजे आधी ठोक रक्कम मोजून नाममात्र भाड्यानं घेतलेल्या, खोलीत काढल्यावर आता मी डोंबिवलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहते. दोन्ही प्रकारांनी राहून पाहिलं, म्हणून हा मागोवा.

सुरुवातीच्या इतिहासात मला फारसा रस नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१८ साली मुंबईत भाड्याला पहिला लगाम बसला, दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर दुसरा. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यानं १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाणभूत धरलं. कायदा तात्पुरता होता, पण त्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत राहिली. १९६९ मध्ये इमारती कोसळायला लागल्या म्हणून दुरुस्ती मंडळ आलं, घरपट्टीबरोबर उपकर सुरू झाला आणि आमच्या चाळीसारख्या १९,६४२ इमारती ‘सेस बिल्डिंग’ झाल्या. १९७३ च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. म्हाडा आलं, पंतप्रधान अनुदान प्रकल्प आला, १९८६ मध्ये सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर इमारत संपादन करण्याची तरतूद आली. यातलं बहुतेक मी फायलींतून वाचलेलं. भोगलं ते पुढचं, नव्वदचं दशक.

नव्वदीत गिरगावात राहणं म्हणजे टेकूंमधून वाट काढणं होतं. सागवानी तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथे पावसाचं पाणी मुरायचं, टोक कुजायचं आणि वरची फरशी खचायची. मोरीखालचा भाग सर्वांत आधी जायचा, कारण मोरी मुळात तिथे नव्हतीच. बिऱ्हाडं वाढली तशी ती खोल्यांत आली. मग कुणीतरी रिपेअर बोर्डाकडे अर्ज करायचा, इंजिनिअर येऊन हातोडीनं ठोकून बघायचा आणि टेकू लागायचे. ते तात्पुरते असत. आमच्या जिन्यातला टेकू इतकी वर्षं राहिला की पोरांनी त्याच्यावर क्रिकेटचे स्टंप आखले. बोर्डाला दर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची मर्यादा होती. खर्च तिच्या पलीकडे गेला तर वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे, नाहीतर काम अडायचं. निवृत्त कारकून, शिवणकाम करणाऱ्या विधवा बाई, गिरणी बंद पडलेला माणूस, यांच्याकडून वर्गणी गोळा करायला माझे वडील दर रविवारी वही घेऊन फिरत. कंत्राटदाराचा गिलावा पुढच्या पावसाळ्यात खाली यायचा आणि वही पुन्हा उघडायची.

घरमालक काय करत होता? त्या वेळच्या मोर्च्यांत आम्ही त्याला राक्षस म्हणत असू. आज त्याची बाजूही मांडते, कारण ती मांडल्याशिवाय खरा गुन्हेगार सापडत नाही. खोलीचं भाडं वीस रुपये. मालकाचा मेहताजी महिन्याच्या महिन्याला पावतीपुस्तक घेऊन येई, आणि त्या वीस रुपयांत एक तुळईच काय, तिचा एक खिळाही बदलणं शक्य नव्हतं. इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकणारं कलम कायद्यात होतं. त्यानं दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं ती करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. वर्षाचं भाडं दोनशे चाळीस, चौथा हिस्सा साठ रुपये. साठ रुपयांत मुंबईचं छप्पर दुरुस्त होईल असं मानणारा कायदा आमच्या प्रतिनिधींनी अर्धशतक जसाच्या तसा ठेवला. त्यांना भाडेकरूची मतं हवी होती आणि मालकाच्या देणग्याही.

म्हणून मालकानं दुसरी वाट धरली. दुरुस्तीला हात लावायचा नाही, भाडं नाकारायचं, म्हणजे भाडेकरू थकबाकीदार ठरतो. आमची माणसं मनीऑर्डरनं भाडं पाठवत, परत आलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत आणि धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्या पुरावा म्हणून दाखवत. खोली सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरात नसेल तर ताबा जाऊ शकतो, ही भीती कायमची. गावी आजारी आईकडे गेलेला माणूससुद्धा शेजाऱ्याला किल्ली देऊन जाई आणि संध्याकाळी दिवा लावायला सांगे.

आमच्यातल्यांचाही हिशेब बाकी आहे. बोरिवलीला स्वतःचा फ्लॅट घेऊन इथली खोली कुलूप लावून ठेवणारे, मूळ भाडेकरूच्या नावाखाली पोटभाडेकरू भरणारे, दुरुस्तीच्या वर्गणीच्या वेळी गायब होणारे आणि पागडीचा सौदा होताना हजर असणारे, हे सगळे चाळीतच होते. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवमध्ये मुंबईतले जागांचे भाव कळसाला पोचले, तेव्हा मालकाला त्याचा हिस्सा देऊन खोल्या भराभर हातबदल झाल्या. नवे आले त्यांना चाळीत राहायचं नव्हतंच, पुनर्विकासात वाटा हवा होता. वर्गणीच्या वहीला त्यांनी कधी हात लावला नाही. गिरगावातला मराठी माणूस बिल्डरनं घालवला असं सभांत सांगितलं जातं. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आम्ही स्वतः सही करून विकलं.

आणि वर्तमानपत्रं! त्या काळी इंग्रजी पानांवर एक चित्र पुन्हा पुन्हा येई: मरीन ड्राइव्हचा समुद्राकडचा प्रशस्त फ्लॅट आणि भाडं काही शे रुपये. ते खरं होतं, आणि त्या भाडेकरूंचा कैवार मी घेणार नाही. पण त्या एका चित्रावरून फणसवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या पाच माणसांनाही फुकटे ठरवलं गेलं, ते मी विसरलेले नाही. श्रीमंताचं संरक्षण काढून घ्या आणि गरिबाचं ठेवा, इतकी साधी गोष्ट करायला सरकारला दोन हजार साल उजाडावं लागलं.

तेही न्यायालयानं ढोसल्यावर. १९९७ च्या डिसेंबरात मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, १९४० ला भाडं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी एके काळी न्याय्य होत्या, आता त्या मनमानी झाल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती म्हणून न्यायालयानं त्या रद्द केल्या नाहीत. त्यानंतरही मुदतवाढ झालीच. नव्या कायद्याचं विधेयक १९९३ पासून पडून होतं. युतीचं सरकार आलं, झोपडीवासीयांना मोफत घरांची घोषणा झाली, आणि आम्ही चाळकरी मात्र ना झोपडीत ना इमारतीत, मधल्या मध्ये राहिलो. अखेर नवा कायदा आला. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली, पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली, एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या आणि बँका संरक्षणाबाहेर गेल्या. चाळीत पेढे वाटले गेले. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. तुळया होत्या तिथेच होत्या.

१९९९ च्या जानेवारीत विकास नियंत्रण नियमावलीचं ३३(७) बदललं, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी चटईक्षेत्राची मुभा वाढली, आणि माझ्या मते मुंबईचं खरं नुकसान त्या क्षणी ठरलं. आतापर्यंत दुरुस्ती परवडत नव्हती. आता ती तोट्याची झाली. इमारत जितकी लवकर मोडकळीला येईल तितका मालकाचा, विकासकाचा आणि काही रहिवाशांचाही फायदा. राखणाऱ्याला त्यात काहीच नाही. गॅलरीचा कठडा पडला की हळहळण्याऐवजी ‘आता तरी नोटीस येईल’ असं म्हणणारी माणसं मी नव्वदीच्या अखेरीस पहिल्यांदा पाहिली. त्याआधी चाळीत पंचमीला गॅलरी धुतली जायची, गणपतीच्या आधी रंगाचे डबे यायचे. ते हळूहळू थांबलं.

पुढची वर्षं मी झरझर ओलांडते. त्यांचं मोजमाप ढिगाऱ्यांनीच करावं लागतं. २०१३ च्या सप्टेंबरात डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळून ६१ जण गेले, आणि ती महापालिकेची स्वतःची इमारत होती, तिच्याच कर्मचाऱ्यांची घरं. भेंडीबाजारात २०१७ मध्ये हुसैनी इमारत पडली, ३३ बळी. २०१९ च्या जुलैत डोंगरी. दरवर्षी मे महिन्यात अतिधोकादायक इमारतींची यादी छापून येते, महापालिका कायद्याच्या कलम ३५४ च्या नोटिसा चिकटवल्या जातात, आणि रहिवासी म्हणतात, ‘जायचं कुठे?’ संक्रमण शिबिरात गेलेल्यांची मुलं तिथेच लग्न करून संसार करू लागली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाडा कायद्यात ७९-अ कलम आलं, २०२२ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मालकाला सहा महिने, मग रहिवाशांना सहा महिने, मग म्हाडा. कागदावर मला हे कलम आवडलं होतं. पण सरसकट निघालेल्या नोटिसा न्यायालयात अडकल्या. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याचा आनंद मी मनापासून मानते. तिथे मालक सरकार होतं. खासगी मालकाच्या चाळीला तसा वाली नाही.

आता डोंबिवलीचं सांगते. करार नोंदवायला एजंट घरी आला. आधार, फोटो, अंगठ्याचे ठसे, दोन साक्षीदार. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, नाहीतर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ चं उत्तम काम. मग पोलिसांकडे माझी माहिती. मग सोसायटीचा अर्ज: घरात किती माणसं, पाहुणे किती दिवस, मांसाहार करता का. माझ्याबद्दल सगळं विचारून झालं. घराबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. इमारत तिशी ओलांडलेली आहे का, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, स्वयंपाकघराचं छत गळतं का, वायरिंग कधीचं आहे, यातलं काही त्या करारात नाही. पावसाळ्यात छताचा गिलावा पलंगावर पडला तेव्हा मालकांना फोन केला. ते म्हणाले, ‘जमत नसेल तर मुदत संपल्यावर बघा दुसरीकडे.’ दुरुस्तीचं जुनं कलम नव्या कायद्यातही आहे, कलम १४. पण ते भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी मी कायद्याच्या लेखी भाडेकरूच नाही, लायसन्सी आहे. मुदतीनंतर थांबले तर दुप्पट पैसे भरायचे, एवढंच मला लागू.

माझी भाची लंडनला शिकते. पाच मुलींनी मिळून घर घेतलंय. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं एका घरात भाड्यानं राहत असतील तर २००४ च्या कायद्यानुसार तिथे मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, आणि गॅसची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. तिथली भाडी भयंकर आहेत, खोल्या खुराड्यासारख्या आहेत, तिथलं सगळं छान असं मी म्हणत नाही. पण परवाना घराला लागतो, माणसाला नाही. आमच्याकडे तपासणी फक्त माणसाची होते.

ऐंशी वर्षं आपण भाडं किती असावं यावर भांडलो. आधी ते गोठवलं, मग मोकळं सोडलं. गोठवलं तेव्हा दुरुस्तीला पैसे नव्हते. मोकळं सोडलं तेव्हा पैसे आले, पण दुरुस्तीची सक्ती आली नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी ठेवली आहे आणि कोणती दुरुस्ती मालकाची, कोणती राहणाऱ्याची, याची यादीच दिली आहे. महाराष्ट्रानं तो तसाच घ्यावा असं मी म्हणणार नाही, त्यात पागडीच्या माणसाला बाहेर काढायला वाट मिळेल. पण ती यादी तरी घ्यावी.

आमदारांकडे माझं मागणं एवढंच. लिव्ह अँड लायसन्सच्या ऑनलाइन नोंदणीत मालकाच्या आधारकार्डाशेजारी एक रकाना वाढवा: इमारतीचं वय, शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची तारीख, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीला तो अहवाल जोडल्याशिवाय करार नोंदलाच जाऊ नये. कलम १४ मध्ये लायसन्सीचं नाव घाला. आणि तुम्ही, जे या जूनमध्ये नवं घर शोधत आहात, डिपॉझिटचा चेक लिहिण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तो अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीच्या सहकारी सोसायटीत तो असायलाच हवा. दाखवत नसतील तर ते घर घेऊ नका.