वाकलेल्या बोटाकडे वेळीच पाहा

अंजनगाव सुर्जी परिसरात पानमळ्यात किंवा पानपिंपरीत राबणाऱ्यांचे पाय दिवसभर ओल्या मातीत असतात. मळ्याबाहेर चपला काढून ठेवण्याची रीतही जुनीच. अशा पायांना भेगा, घट्टे आणि कुरुपे नवीन नाहीत. त्यामुळे पायाचे बोट वाकले तरी ‘वयाने होतं’ म्हणून घरात कुणी फारसे मनावर घेत नाही. मात्र वाकलेल्या बोटाला स्पर्श कळत नसेल, तर ते दुखणे वयाचे नसते.

बहुतेक वाकड्या बोटांचे कारण साधे असते. निमुळत्या, उंच टाचेच्या पादत्राणाने किंवा घराण्यातल्या ठेवणीमुळे अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि त्याच्या मुळाशी हाड पुढे येते. कधी मधल्या बोटाचा सांधा वर उचलला जातो आणि चपलेच्या पट्ट्याला घासून तिथे कुरूप होते. संधिवातातही बोटे जागा सोडतात. हाताने हलकेच दाबून बोट सरळ होत असेल, तर रुंद पंज्याची पादत्राणे, मऊ गादी, पट्टी आणि व्यायाम यांनी आराम पडतो. सांधा कडक झाला असेल आणि चालणे अवघड होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मधुमेह आणि कुष्ठरोगात गोष्ट वेगळी. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस निकामी झाली की तळव्यातले लहान स्नायू लुळे पडतात, लांब स्नायूबंध बोटांना ओढतात आणि बोटे पंजासारखी आखडतात. मग चालताना भार बोटांच्या टोकांवर येतो. तिथे काटा रुतला तरी कळत नाही; जखम चिघळून हाडापर्यंत जाते. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत, बधिर अवयवाला वारंवार होणाऱ्या इजा त्याला कारण असतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. त्यांनी स्नायूबंधांची जागा बदलण्याच्या शस्त्रक्रियेने अनेकांचे हातपाय पुन्हा कामाचे केले. कुष्ठरुग्णांसाठीच डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये अमरावतीला तपोवन हे कुष्ठधाम उभे केले.

आज कुष्ठरोगावरची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; रोगाच्या प्रकारानुसार ती 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात. नसेची कमजोरी नवी असेल, तर लवकर सुरू केलेल्या उपचाराने ती भरून येऊ शकते. उशीर झाला की वाकलेले बोट तसेच राहते.

म्हणून रोज रात्री पाय धुऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. डोळे मिटून बोटांना कापूस लावून घ्या. तो कळतो का, ते तपासा. बोट सुजले तर जोडवी आधी काढा. कुरूप ब्लेडने कापू नका. मधुमेह असेल, तर अनवाणी चालूच नका. बोट वाकले आहे आणि स्पर्शही कळत नाही, असे दिसले तर जखम होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालय गाठा.