तेल नंतर, आधी निदान

विंचरताना निघालेलं गुंतवळ बोटाला गुंडाळून कोनाड्यात खोचायचं आणि केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की तिच्या पदरात घालायचं, ही रीत खेड्यापाड्यांत अजून पुरती मोडलेली नाही. हे गुंतवळ एरवीपेक्षा फुगीर दिसू लागलं की मात्र घरात उपायांची रांग लागते. कांद्याचा रस, माक्याचं तेल, मेडिकलवरून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या. परभणी असो की पालम, क्रम हाच. केस का गळतात, हा प्रश्न या रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले 85 ते 90 टक्के कोणत्याही दिवशी वाढत असतात आणि ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते. उरलेले बहुतेक विश्रांतीत असतात. तीनेक महिन्यांनी ते गळतात आणि त्या जागी नवे उगवतात. त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस जाणं हा हिशेबातलाच खर्च आहे.

मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्यानं वजन उतरवणारे उपास झाले, तर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. भाद्रपदात डेंगी झाला तर गळती मार्गशीर्षात सुरू होणार. तोवर बाई डेंगी विसरलेली असते आणि आळ जातो बोअरच्या पाण्यावर. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतातही. पण मुळापासून गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. ही गळती बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. गंमत अशी की त्या काळात जे तेल डोक्याला लागलं, त्यालाच यश मिळतं आणि ते मोठ्या विश्वासानं जावेला सांगितलं जातं.

जावेचा आजार कदाचित वेगळाच असतो. तिचा भांग वर्षागणिक रुंद होतोय, कपाळाची रेषा मात्र जागेवर आहे. ही स्त्रियांमधली आनुवंशिक धाटणीची विरळता. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1977 मध्ये तिच्या पायऱ्या मांडल्या. ती आपोआप थांबत नाही. तिच्यावर डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध उपयोगी पडतं, पण पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते. हे कुणी सांगितलेलं नसेल तर बाटली महिन्याभरात उकिरड्यावर जाते. शिवाय गरोदरपणात ते वापरायचं नसतं.

निदानाआधी तर्क धावला की काय होतं, हे बुलढाणा जिल्ह्यानं पाहिलं. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत तीन-चार दिवसांत डोकी उघडी पडू लागली. त्यात तरुण मुली पुष्कळ होत्या. खारपाणपट्ट्यातलं पाणी, शाम्पू, बुरशी अशी संशयितांची यादी वाढत गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही नमुने तपासून घेतले. 18 गावांतल्या 279 जणांच्या या गळतीमागे रेशनच्या गव्हातलं जास्तीचं सेलेनियम आहे, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये मांडला. रुग्णांच्या शरीरात जस्तही कमी आढळलं. गळतीचा वेग हाच इथे मोठा धागा होता. विश्रांतीतले केस तीन महिने थांबून जातात. वाढते केस दिवसांत गळले तर विषबाधेचा विचार करावा लागतो.

हेच सेलेनियम केसांसाठीच्या कित्येक गोळ्यांत ‘पोषक’ म्हणून असतं. 2008 मध्ये अमेरिकेत एका पूरक पेयात ते चुकून 200 पट पडलं आणि 10 राज्यांतल्या 201 जणांना बाधा झाली. त्यातल्या बहुतेकांचे केस गेले. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, जास्त झालं तर केस घालवतं. बायोटिनची कमतरता मुळात दुर्मिळ. उलट मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ततपासणीत लुडबुड करतं. थायरॉइडचे आकडे खोटे येतात आणि नसलेला आजार कागदावर दिसतो. अमेरिकी औषध प्रशासनानं 2017 मध्येच तसा इशारा दिला होता.

मग तपासायचं काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही पाहावं, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही जास्त लोह-जस्ताची ज्वारी 2018 पासून आहे. तिची भाकरी रोज खाल्ली तर चांगलंच. पण पाळीत अंगावरून खूप जात असेल, तर तिथला इलाज आधी. थायरॉइडची तपासणी करावी. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर केस येत असतील तर संप्रेरकांचीही. सरसकट पाच-सहा हजारांचं पॅकेज करण्याची मात्र गरज नसते.

गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल स्वतः त्यांची वेणीफणी करतो. डॉक्टरांकडून तेवढी नाही, पण भांग पाडून डोकं नीट पाहण्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. डोक्याला हात न लावता चिठ्ठी लिहिली जात असेल, तर दुसरा दवाखाना शोधावा. साठेक केस चिमटीत धरून हलकेच ओढले आणि सहाहून जास्त हातात आले, तर गळती चालू आहे असं समजतात. गोल, गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई. तिला ‘किडा लागला’ म्हणतात. प्रत्यक्षात शरीराची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उलटलेली असते, त्यामुळे लसूण चोळून फक्त कातडी भाजते. लहान मुलीच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस दिसले तर बुरशीचा संशय. त्यावर पोटातून गोळ्या लागतात, नुसतं मलम पुरत नाही.

खरी घाई एकाच गटात असते. काही आजारांत दाह होऊन केसांची मुळंच जळतात आणि तिथे व्रण बनतो. आग, खाज, तांबूसपणा असतो. भिंगाखाली त्वचेवरची छिद्रंच बुजलेली दिसतात. गेलेले केस परत येत नाहीत, फक्त उरलेले वाचवता येतात. अशा वेळी डॉक्टर त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा तपासायला पाठवू म्हणाले तर नाही म्हणू नये. जागा बधिर करून घेतात, एखादा टाका पडतो, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. डॉक्टरांकडे जाताना डोक्याला तेल नको. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मात्र पिशवीत हवीत, कुणी तरी ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून दिलेली बिनचिठ्ठीची पुडीसुद्धा.