घरांतलें गौप्य आणि पडद्यावरचे हेर

महाडाहून उत्तरेकडे पाचाडची वाट धरली, कीं रायगडाचे कडे समोर उभे राहतात. उलट दिशेस पोलादपूरकडे वळलें, तर उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव लागतें आणि पुढें घाट चढला कीं प्रतापगड. ह्या टापूंत इतिहास हा केवळ ग्रंथांतला विषय नाहीं. तो डोळ्यांसमोरचा डोंगर आहे. २०१७ ते २०२० ह्या काळांत झी मराठी वाहिनीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालली, तेव्हां तिच्यांतील कारस्थानें ज्या गडावर घडलीं, तो हाच गड.

मालिकेंत लढाया होत्याच; पण प्रेक्षकांस खिळवून ठेवणारा भाग होता तो घरांतला. दाराआडचें बोलणें, मध्येच पकडलेला खलिता, हेरांनीं आणलेली बातमी! ह्याचा पाया इतिहासांत पक्का आहे. ३ एप्रिल १६८० रोजीं शिवाजीमहाराजांचा रायगडावर अंत झाला. थोरले पुत्र संभाजीराजे त्या वेळीं पन्हाळ्यावर होते. ही वार्ता त्यांच्यापासून लपविण्यांत आली, दहा वर्षांच्या राजारामांस मंचकावर बसविण्यांत आलें आणि थोरल्या राजांस कैदेंत ठेवण्याचा बेत झाला. तो बेत फुटला. सोयराबाईंचे सख्खे बंधु हंबीरराव मोहिते हेच संभाजीराजांच्या पक्षास मिळाले. पुढें १६८१ मध्यें पुन्हां कट झाला. बापावर रुसून दक्षिणेंत आलेल्या औरंगजेबपुत्र अकबराशीं कटवाल्यांनीं संधान बांधूं पाहिलें. त्यानेंच तें गौप्य संभाजीराजांस कळविलें. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी आदि मंडळींस देहान्ताची शिक्षा झाली.

अशी कथा पाहतांना प्रेक्षकाची मनःस्थिति चमत्कारिक होते. नायकास जें ठाऊक नाहीं, तें प्रेक्षकास ठाऊक असतें. तो हेराचाहि हेर बनतो. परक्या शत्रूचा डाव पाहून त्याला भीति वाटते. पण आपल्याच माणसाचा डाव पाहून त्याला राग येतो, कारण भाऊबंदकी कोणत्या घराला ठाऊक नाहीं? वाटणीचे कागद, दडविलेलें पत्र, सासर-माहेरची ओढाताण हीं सर्वांच्या परिचयाचीं. तेथें राज्याचा प्रश्न, येथें परसाचा. एवढाच काय तो फरक.

परंतु हा राग पडदा मिटल्यावर शमतोच असें नाहीं. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकांतील संभाजीराजांच्या चित्रणाचा रोष म्हणून जानेवारी २०१७ मध्यें पुण्याच्या संभाजी उद्यानांतील त्यांचा पुतळा उखडण्यांत आला. गडकरी जाऊन तेव्हां शंभराला दोनच वर्षें कमी होतीं. त्या जुन्या चित्रणाचें मूळ कोठें होतें? मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरींत. ही बखर घटनांनंतर शतकाहून अधिक काळानें लिहिलेली, आणि लेखक बाळाजी आवजींचे वंशज. घरच्या जुन्या दुःखाची छाया लेखणीवर पडली असल्यास नवल नाहीं. पुढें वा. सी. बेंद्रे व कमल गोखले ह्यांनीं समकालीन कागद तपासून तें चित्र पालटलें.

दुसरें उदाहरण ताजें आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांत गणोजी व कान्होजी हे फितूर दाखविले, म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनीं आक्षेप घेतला. चित्रपटांत आडनांवाचा उच्चार केलेला नाहीं, असें सांगून दिग्दर्शकांनीं क्षमा मागितली. गणोजी हे येसूबाईंचे बंधु आणि शिवाजीमहाराजांचे जांवई. म्हणजे हेंहि घरांतलेंच प्रकरण. मग प्रमाण काय सांगतें? ‘मासिर-इ-आलमगिरी’ ह्या फार्सी ग्रंथांत शिर्क्यांशीं झालेल्या तंट्याचा उल्लेख आहे. पण राजांच्या ठावठिकाण्याची बातमी मुकर्रबखानास त्याच्या हेरांनीं दिली, असेंच तेथें म्हटलें आहे. तंटा होता हें एक, आणि फितुरी केली हें दुसरें. नाटककार ह्या दोहोंमधील अंतर एका उडींत ओलांडतो, कारण त्याला खलनायकाला चेहरा द्यावा लागतो. त्या उडीचा भार मात्र तें आडनांव आजहि लावणाऱ्या माणसांवर पडतो.

कथेचा शेवट तर आणखी विलक्षण आहे. राजाराममहाराज जिंजीच्या वेढ्यांत अडकले असतां त्यांच्या सुटकेसाठीं ह्याच गणोजी शिर्क्यांचें साहाय्य झालें. त्याच्या मोबदल्यांत आपलें दाभोळचें वतन सोडून दिलें तें खंडो बल्लाळांनीं, असें परंपरा सांगते. आणि खंडो बल्लाळ हे देहान्त शासन झालेल्या बाळाजी आवजींचे पुत्र! बापाचें मरण गिळून पुत्रानें त्याच राजघराण्यासाठीं वतनावर पाणी सोडलें. ही घटना ध्यानांत ठेवली, तर माणसांची वांटणी एकदांच स्वामिनिष्ठ व फितूर अशी करून टाकणें किती अवघड आहे, हें कळून येतें. मालिका पाहून डोळे ओले व्हावेत, मुठीहि वळाव्यात. तो कलेचा विजयच होय. मात्र एखाद्या घराण्यास दोष देण्यापूर्वीं, हें कागदांत आहे कीं केवळ पडद्यावर, एवढें विचारण्याइतका धीर प्रेक्षकानें धरावा.